आमची तन्वी झोपायला लागली तेव्हा

तुमच्या घरातलं मूल रात्री झोपत नसेल, तर त्याला झोपवण्यासाठी घरातल्या कोणी काय काय दिलं आहे, हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे का?

उत्तर द्यायची घाई करू नका. मला कोणी विचारलं असतं तर मी ठणकावून हो म्हटलं असतं. मी आई आहे. तन्वीच्या पोटात काय जातं ते मला नाही तर कोणाला माहीत असणार? पण तन्वी रात्री झोपायला लागली त्या दिवसांत आमच्या घरात काय चाललं होतं ते मला हॉस्पिटलमध्ये कळलं, आणि तेही डॉक्टरांनी आवाज चढवल्यावर.

हे लिहिताना तन्वी घरी आहे. पलीकडच्या खोलीत शिंपले मांडते आहे. एवढं आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. पण ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. ज्यातून ती उठली ते आम्हीच तिच्यावर आणलं होतं. आणि जे तिच्यात जन्मापासून असावं असं डॉक्टर म्हणतात, ते काही बरं होण्याचं दुखणं नाही. ते समजून घ्यायला आम्ही उशीर केला.

* * *

आमचं घर तारकर्लीच्या पुढे, एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर आहे. माझा नवरा समीर पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला आणि स्नॉर्कलिंगला नेतो. घरामागे माडांत तीन खोल्या बांधल्या आहेत, तिथे पाहुणे उतरतात. त्यांच्या जेवणाचं माझ्या सासूबाई बघतात. बांगड्याचं तिखलं खाऊन लोक त्यांच्या पाया पडतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तन्वी आमची एकुलती एक, चार वर्षांची. तिला झोप नाही. म्हणजे उशिरा झोपते किंवा मध्ये एकदा उठते, तसं नाही. अंथरुणावर पडते, डोळे मिटते, आणि घर निजलं की उठून बसते. भिंतीला तळहात लावून घरभर फिरते. एकच सूर तोंडातल्या तोंडात धरून ठेवते. मध्येच खळखळून हसते, मध्येच काही कारण नसताना अशी किंचाळते की माडावरची पाखरं उडतात. आणि फिरत फिरत नेहमी दाराशी जाते.

एका पहाटे समीर होडी काढायला गेला तेव्हा ती त्याच्या आधी तिथे पोचलेली होती. ओल्या वाळूत, पाण्याकडे तोंड करून बसलेली. भरती चढत होती. तिचा फ्रॉक कमरेपर्यंत भिजला होता आणि ती जागची हलली नव्हती. समीर तिला उचलून घरी घेऊन आला, माझ्या मांडीवर ठेवलं आणि परत गेला. पहिली फेरी ठरलेली होती, लोक किनाऱ्यावर जॅकेटं घालून उभे होते.

त्यानंतर दाराला वर, आमच्याच हाताला जेमतेम पोचेल अशी कडी बसवली. मग तन्वी दार हलवायला लागली. लाकडी दार, जुनं. तो आवाज मागच्या खोल्यांत जायचा.

पुण्याच्या एका कुटुंबाने जाताना हसून सांगितलं, "काकू, जेवण अप्रतिम, पण तुमचं बाळ फार रडतं हो." आणखी एकाने तोंडावर काही सांगितलं नाही, मोबाईलवर लिहिलं. लहान मुलाच्या ओरडण्यामुळे रात्रभर झोप झाली नाही, कुटुंबासह जाणाऱ्यांनी विचार करावा. समीरने ते आम्हाला वाचून दाखवलं आणि फोन पालथा ठेवला. त्या दिवसापासून घरात एक गोष्ट कोणी न ठरवता ठरली. तन्वीचा आवाज बाहेर जाता कामा नये.

आमच्या किनाऱ्यावर घरोघरी आता दुसऱ्यांच्या झोपेची सोय केलेली असते. पाटी रंगवलेली, पांढऱ्या चादरी, एसी, सोलकढी. लोक शहरातून दमून येतात, त्यांना शांतता हवी असते, ते त्यासाठी येतात आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. पण ज्या घराला शांतता विकायची असते, त्या घरात झोप न येणाऱ्या मुलाने कुठे जायचं, हे कोणत्या पाटीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

* * *

सल्ले पुष्कळ मिळाले. सासूबाईंचा पहिला.

"जायफळ उगाळून दी गो. समीर असोच होतो. जायफळाची चाट दिली काय सकाळपर्यंत हूं नाय, चूं नाय."

जायफळ दिलं. तन्वीने थुंकून टाकलं. मग त्या म्हणाल्या, "राखणदाराक गाऱ्हाणा घालूया. चेडवाच्या मागे कायतरी लागला आसा."

राखणदार म्हणजे आमच्याकडे गावाची वेस राखणारा. तो रात्रीचा हिंडतो असं मानतात, म्हणून रात्री हिंडणाऱ्या मुलाची तक्रार त्याच्याकडे.

"आई, तिच्या मागे काही लागलेलं नाही. तिला डॉक्टरांना दाखवायला हवं."

"दाखय. तुज्या बापाशीन सगळ्या तालुक्याक शिकयल्यान, आता तू आमका शिकय."

हा टोमणा मला नवा नव्हता. माझे बाबा जवळच्याच कट्टा गावात असतात. त्यांनी आयुष्यभर पत्रकं काढली. नळाच्या पाण्यासाठी, मच्छीमारांसाठी, बुवाबाजीविरुद्ध. शाळेतून आल्यावर पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा खेळ होता, आणि माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. सासरी त्या नावाने मला फक्त भांडणात हाक मारतात.

तर मी गाऱ्हाण्याला विरोध केला. जोरात केला. मी तन्वीला घेऊन अंगणवाडीत गेलेली असताना सासूबाईंनी नारळ नेऊन गाऱ्हाणं घातलंच. घरी आल्यावर मी त्यांना जे काही ऐकवलं ते पाहुण्यांनीही ऐकलं. त्या नारळाने तन्वीचं काडीइतकं नुकसान झालं नव्हतं. माझी सगळी ताकद मी त्या नारळाशी लढण्यात घातली, आणि खरा धोका तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर पत्र्याच्या डब्यात होता.

अंगणवाडीच्या बाई मात्र हळूच म्हणाल्या होत्या, "तन्वीला एकदा दाखवून या. हाक मारली तर बघत नाही. मुलांच्यात बसते, पण एकटीच असते." मग त्यांनी तो शब्द उच्चारला. ऑटिझम. मी तो शब्द घेऊन बाबांकडे गेले. मला वाटलं, जगात एक माणूस तरी घाबरणार नाही.

बाबा घाबरले नाहीत, चिडले. "ही लेबलं आहेत. माणसावर शिक्का मारायचा आणि रांगेतून बाजूला काढायचं. तुझी मुलगी या वयात हिंदी बोलते, आणि तू तिला मंद ठरवायला निघालीस?"

"मंद कोण म्हणालं, बाबा?"

"मग डॉक्टरांकडे कशाला?"

तन्वी हिंदी बोलायची, हे खरं. समीर पर्यटकांना जे सांगतो ते सगळं तिला पाठ होतं, त्याच्याच आवाजात, त्याच्याच घाईत. "जॅकेट पहन लो. खड़े मत रहो. सब लोग बैठ जाओ, बैठ जाओ." सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या चेडवाक हिंदी येता!" पाहुणे टाळ्या वाजवायचे, मोबाईलवर तिला टिपायचे. पण तन्वीने कधी "पाणी" म्हटलं नव्हतं. "आई" म्हटलं नव्हतं. तहान लागली की माझं मनगट धरून मला माठाकडे ओढत न्यायची, माझ्या तोंडाकडे न बघता, जसं आपण एखादी कळशी उचलून नेतो. एका घरात हे दोन्ही रोज घडत होतं, आणि आम्हाला टाळ्यांचंच आठवायचं.

* * *

मग ती झोपायला लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा हंगाम होता, मागच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. एका सकाळी माझे डोळे उघडले तेव्हा तोंडावर ऊन होतं. मी धडपडत दाराकडे धावले. वरची कडी लागलेली होती. तन्वी अंथरुणात होती, एक हात बाहेर टाकून, गाढ. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

सासूबाई म्हणाल्या, "बघ. राखणदारान आयकल्यान."

समीर म्हणाला, "मोठा होता चेडू. आता झोपतला."

मला वाटलं, मी संध्याकाळी टीव्ही बंद ठेवायला लागले, दिवे लवकर मालवायला लागले, त्याचं हे फळ. तिघांकडे तीन कारणं होती. माझं खुळं होतं. उरलेली दोन खोटी होती.

घर विलक्षण शांत झालं. एका पाहुण्याने लिहिलं, इथे येऊन ध्यानाला बसल्यासारखं वाटलं. आम्ही सगळे झोपलो. किती दिवसांनी झोपलो ते सांगता येणार नाही. माणूस झोपला की त्याला शेजारी काय चाललंय ते कमी दिसतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

कारण दिसत होतं, पुष्कळ दिसत होतं. तन्वी दिवसाही पेंगायला लागली. अंगणवाडीत चटईवर डोकं टेकून राहायची. जीभ कोरडी पडून ओठांना चिकटायची. पोट साफ होत नव्हतं. शिंपल्यांची रांग ती अशी मांडायची की दोरीने आखल्यासारखी, ती रांग वाकडी व्हायला लागली आणि मग एक दिवस तिने शिंपले काढलेच नाहीत. अंगणात पाहुणे तिला म्हणत होते, "बोल ना बेटा, बैठ जाओ बोल," आणि ती भिंतीकडे बघत उभी होती. "आज मूड नाय तिचो," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

मग तिला सर्दी झाली, नाक वाहायला लागलं, म्हणून तिला मालवणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पातळ औषध लिहून दिलं आणि विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का हिला?"

मी म्हटलं, "नाही. काहीच नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी समीर पहिली फेरी घेऊन गेला होता. ऊन वर आलं तरी तन्वी उठली नव्हती, म्हणून मी तिला उठवायला गेले.

तिचा चेहरा लालबुंद होता आणि अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. मी हाक मारली. तन्वी तिच्या नावाला कधीच ओ देत नाही, त्यामुळे तिने ओ दिली नाही याची भीती वाटायला मला वेळ लागला. मी हलवलं. मान कलंडली. मग मी स्वयंपाकघरातून दोन ताटं आणली आणि तिच्या कानाशी एकमेकांवर आपटली. या आवाजाने ती घरात असेल तिथून कानांवर हात ठेवून पळते. तिचे हात हलले नाहीत.

मी दुसऱ्यांदा आपटली तेव्हा तिने अर्धे डोळे उघडले. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते. आणि तिचा उजवा हात वर आला आणि हवेतून काहीतरी वेचायला लागला. जाळ्यातून मासळी सोडवतात तसं. एक, मग आणखी एक, मग आणखी.

सासूबाई दारात आल्या आणि किंचाळल्या. "आये गे! कोण दिसता गो तिका?"

त्या मीठमिरच्या आणायला वळल्या. मी मुलीला खांद्यावर टाकलं आणि रस्त्यावर धावले. शेजारच्यांची रिक्षा बाहेर काढलेलीच होती. मागून सासूबाई धावत आल्या, अनवाणी, मुठीत मीठमिरच्या तशाच धरलेल्या, आणि रिक्षात माझ्या बाजूला बसल्या. वाटभर त्या तन्वीचा श्वास मोजल्यासारख्या तिच्या छातीकडे बघत होत्या. तो श्वास मध्येच थांबायचा. थांबला की आम्ही दोघीही थांबायचो.

मालवणहून आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. समीर किनाऱ्यावरून तसाच आला, ओल्या चड्डीत, गळ्यात शिट्टी.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरीने डोळे पाहिले, तोंड पाहिलं, पोट दाबून पाहिलं. सलाइन लावायला सांगितली आणि माझ्याकडे वळल्या.

"सर्दीच्या औषधाशिवाय काय दिलंय?"

"काही नाही."

"घरात कोणाची झोपेची गोळी? फिटची? आठवा."

"घरात कोणाची काही गोळी नाही हो."

त्यांनी आमच्या तिघांकडे एकदा पाहिलं आणि आवाज चढवला. "मला भांडण नकोय. कोणाचं नाव नकोय. मुलीच्या पोटात काय गेलंय आणि किती, एवढंच सांगा. आत्ता."

सासूबाईंच्या मुठीतलं मीठ जमिनीवर सांडलं.

"अर्धी," त्या म्हणाल्या. "अर्धीच देय होतंय. पावण्यांका देतत ती. उलटीची."

"कशातून?"

"दुधातून. चुरून."

"कधीपासून?"

"गाऱ्हाणा घातलंय त्येच्या दुसऱ्या दिसापासून. म्हटला, देवाक जरा हातभार लागात."

मी त्यांच्याकडे वळले, पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत समीर बोलला. तो माझ्याकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता.

"आये, तू पण?"

त्याने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली.

"मी रातचो केळ्यात घालून देय होतंय," तो म्हणाला. "अर्धी. काल सर्दीन ती किरकिरत होती, म्हणान अख्खी दिलंय."

* * *

त्या गोळीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या किनाऱ्याबाहेरच्या वाचकाला ते कळणार नाही. समुद्रावर नेलेल्या पाहुण्यांपैकी कोणाला ना कोणाला होडी लागते. म्हणून निघण्याआधी त्यांना उलटीची गोळी देतात. ती खाल्ली की माणूस जरा पेंगतो, परतताना कोणी कोणाच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं असतं. होडी असलेल्या घरात ही पाकिटं असतातच; आमची स्वयंपाकघरातल्या त्या पत्र्याच्या डब्यात. दोरी, इंजिनचं ऑइल, जॅकेटं, शिट्टी, आणि ती गोळी. ते होडीचं सामान. त्याला औषध म्हणायचं कोणाच्या मनातच येत नाही. मी डॉक्टरांना "घरात गोळी नाही" म्हटलं तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मलाही ते पाकीट आठवलं नव्हतं.

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. गोळी, पुन्हा तीच गोळी, वर सर्दीचं औषध. तिन्हींची गुंगी एकावर एक चढली. आजी देते ते वडिलांना माहीत नाही, वडील देतात ते आजीला माहीत नाही, आणि तुम्हाला दोन्ही नाही.

"ती उठेल ना?" मी विचारलं.

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. त्या सलाइनकडे वळल्या.

* * *

दिवसभर तिचा हात हवेतून वेचत राहिला. सुई निघेल म्हणून एक हात फळीला बांधला होता, तर दुसऱ्याने वेचत होती. लघवी अडली, नळी घातली. ती कोणाकडे तरी बघून हसायची, आणि तिथे कोणी नसायचं. माझ्यासारख्या बाबांच्या तालमीत वाढलेल्या मुलीलाही मागे वळून पाहावंसं वाटलं, आणि मी पाहिलं. औषधाने असे भास होतात हे मला सांगितलेलं होतं. तरी पाहिलं.

खिडकीतला उजेड तिच्या डोळ्यांना सोसत नव्हता. शेजारच्या खाटेवर तापाने आजारी मुलाला घेऊन बांद्याच्या नजमाभाभी होत्या. त्यांनी न विचारता आपली ओढणी काढून खिडकीला बांधली. मी म्हटलं, राहू दे, तुम्हाला लागेल.

"माका दुसरी आसा. तू जा, तोंड धुवन ये. मी बघतंय तिच्याकडे. पळाची नाय ती खंय आता," त्या म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन जीभ चावली. मला हसू आलं. त्या दिवसातलं ते एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाची ढकलगाडी खडखडत वॉर्डात आली आणि तन्वीने दोन्ही कानांवर हात नेले. एक फळीसकट. मी ओरडले. सिस्टर धावत आल्या, त्यांना वाटलं काही वाईट झालं.

दुपारी डॉक्टर बाई आल्या तेव्हा तन्वी छताकडे बघत पुटपुटत होती, "बैठ जाओ, बैठ जाओ, खड़े मत रहो."

"हे ती कोणाला म्हणते?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. आणि ते बोलताना मला पहिल्यांदाच ऐकू आलं की ती खरंच कोणाला म्हणत नाही.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसल्या. घाईत नव्हत्या. बोट दाखवते का, आपण दाखवलेल्या वस्तूकडे बघते का, काही आवडलं तर तुम्हाला आणून दाखवते का, कपड्यांचा, आवाजांचा त्रास होतो का, झोप पहिल्यापासून अशीच का. मी उत्तरं देत गेले. समीर भिंतीला टेकून ऐकत होता आणि प्रत्येक उत्तराबरोबर थोडा खाली सरकत होता. शेवटी तो जमिनीवर बसला.

"मी आज नाव देणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यासाठी नीट तपासणी व्हायला हवी, ती करणाऱ्यांकडे मी तुम्हाला पाठवते. पण ऑटिझम असू शकतं. अशा मुलांमध्ये झोपेचा त्रास खूप वेळा असतो. तो हट्ट नाही, लाडाने झालेलं नाही. त्यावरही उपाय असतात, कधी औषधही असतं. पण ते बघणारा डॉक्टर ठरवेल. तुम्ही नाही, आजी नाही, मेडिकलवाला नाही."

असू शकतं. हा शब्द घेऊन आम्ही घरी आलो.

* * *

घरी आल्यावर पहिले काही दिवस मी समीरशी बोलले नाही. मग बोलले ते वाईट बोलले. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "तू घरात भाषण करतस, क्रांती. तुका कायव सांगूक माका भिती वाटता."

"भीती वाटली म्हणून पोरीला गोळी?"

"झोप नाय म्हणान गोळी!" तो पहिल्यांदा ओरडला. "गोळी देऊच्या आदी एकदा इंजिन चालू आसताना डोळो लागलो माजो. खडपाजवळ. होडयेत लोकांची पोरां होती. कोणाक सांगू?"

त्याने ते मला सांगितलं नव्हतं. त्या खडपांवर, पाण्यातल्या त्या खडकांवर, लाट कशी फुटते ते मी रोज पाहते. त्याचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. मी त्याला माफ केलं आहे का, तेही माहीत नाही. आम्ही पुन्हा एका ताटात जेवतो, एवढं खरं.

सासूबाई स्वयंपाकघरात येईनाशा झाल्या. पाहुण्यांना सांगितलं, तब्येत बरी नाही. मी समजवायला गेले तर म्हणाल्या, "तुज्या बापाशीक सांग, माज्या नावाचा पत्रक काढ. सासू विष देता म्हणान." आणि त्यानंतर, भिंतीकडे तोंड करून, "माका वाटला, समीराक बरा वाटात. झोपना नाय होतो माजो झील."

बाबा आले होते. तन्वीजवळ बराच वेळ बसले, तिला दोनदा हाक मारली, तिने पाहिलं नाही. ते तो शब्द अजून उच्चारत नाहीत. पण तपासणीच्या दिवशी मी बरोबर येतो, असं जाताना म्हणाले.

तपासणी व्हायची आहे. मागच्या खोल्यांतली घराला सगळ्यांत जवळची खोली आम्ही पाहुण्यांना देणं बंद केलं आहे. गोळ्या घरातून होडीवर गेल्या, कुलपात. आणि तन्वी पुन्हा जागी असते. आता मला तिच्या जागण्याची भीती वाटत नाही. तिचा सूर चालू असला की मी पडून राहते. तो थांबला, ती शांत झाली, की मी उठून तिच्या नाकाशी बोट धरते. समीरचे डोळे पुन्हा लाल दिसायला लागले आहेत. रोज सकाळी तो होडीत माणसं बसवतो, आणि मी किनाऱ्यावर उभी राहून होडी त्या खडपांच्या पलीकडे जाईपर्यंत बघते.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या घराची लाज चव्हाट्यावर मांडणं हे नाही. माझ्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. झोप न मिळालेली तीन माणसं होती, आणि त्यांना कोणी सोडवायला आलं नाही. सल्ला द्यायला गाव आला. जायफळ आलं, नारळ आला, मीही माझी भाषणं घेऊन उभी होते. मुलीजवळ तासभर बसायला कोणी आलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते छोटं आहे. तुमच्या वाडीत, तुमच्या आळीत असं एक मूल असेलच. त्याचा आवाज भिंतीपलीकडून तुम्ही ऐकलेला आहे. त्या घरी उपाय घेऊन जाऊ नका. डॉक्टरांकडे जायला निघाले असतील तर सोबत जा. आणि ते काहीच जमलं नाही तर आज दुपारी, जेवणं आटोपल्यावर, नुसतं जा. मुलाच्या आणि दाराच्या मध्ये बसा. ते बोलणार नाही, तुमच्याकडे बघणार नाही, तुम्हीही त्याला बोलतं करायला जाऊ नका. आणि त्याच्या आईला एवढंच सांगा: "तू नीज गो. मी हय बसलंय."